आठवा कार्बन

ताळगावच्या पठारावर दुपारी वीज जाते
तेव्हा यूपीएस एकदाच किंचाळतो.
मी फाइल सेव्ह करते आणि हात बाजूला घेते.
स्क्रीनवर काजूच्या सालीतलं आम्ल:
सहा कोनांचं कडं, त्याला चिकटलेला आम्लगट,
आणि पंधरा कार्बनांची शेपटी.

काम तसं कारकुनाचं.
प्रत्येक अणूपुढे एक-दोन अक्षरं लिहायची.
कार्बन म्हणजे नुसता कार्बन, असं इथे चालत नाही.
कड्यातला सीए,
शेपटीतला, चार हातांचा, सी-थ्री,
आम्लगटातला मात्र नुसता सी.
हायड्रोजनचं तर विचारूच नका,
ऑक्सिजनच्या घरचा वेगळा, कार्बनच्या घरचा वेगळा,
वजन तेच, वागणं निराळं.

वाळपईला बसमधून उतरलं की
तिठ्यावरची म्हातारी असंच विचारते:
कोणाली गो तूं?
नाव सांगून भागत नाही.
आजोळ सांगावं लागतं, वाडा सांगावा लागतो,
व्हाळाच्या अलीकडचे की पलीकडचे.
मग ती मान हलवते. प्रकार ठरला.
किती जवळ बसवायचं, कुठवर ताणायचं,
कोणत्या कोनात वळून बोलायचं,
तिच्या कोष्टकात सगळं आधीच लिहिलेलं.

हे रेणू पाण्यात सोडायचे,
पेशीच्या आवरणात कसे शिरतात ते बघायचं.
एवढाच माझा प्रबंध.
पहिल्या खेपेला सारं सुरळीत चाललं,
म्हणून मला शंका आली.
शेपटी सरळ होती,
पंधरा ऑगस्टला शाळेत उभी केल्यासारखी.
रोझेंदो म्हणाला, बरं दिसतंय, पुढे जा.

तीन दिवसांनी सापडलं.
आठव्या आणि नवव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो,
तिथे शेपटी गुडघ्यासारखी वाकते.
मूळ फाइलीत फक्त जागा होत्या, बंध नव्हते.
प्रोग्रॅमने अंतर मोजलं, त्याला जरा जास्त वाटलं,
दोघांना सी-थ्री लिहून मोकळा झाला,
वर एकेक हायड्रोजन पदरचा घातला.
घंटा वाजली नाही.
चुकीच्या नावाचा अणू
त्या नावाला शोभेल असाच वागत राहिला.

मी दोघांना सी-टू केलं, उपरे हायड्रोजन काढले.
विद्युतभारांची बेरीज शून्य यायला हवी;
तीन सहस्रांश उरत होते,
ते कुणाच्या नावावर टाकावे कळेना.

ह्याच आम्लाने दुर्पदा मावशीच्या बोटांची टोकं
गुळगुळीत केली आहेत.
वीस वर्षं सोलायच्या टेबलाशी, हातांना राख चोळून.
गेल्या बुधवारी रेशनच्या दुकानात
यंत्राने तिचा अंगठा पाच वेळा नाकारला.
उजवा. डावा. पदराला पुसून पुन्हा उजवा.
दुकानदार म्हणाला, मशीन म्हणटा, तूं ना.
हांव हांगाच आसां न्हय रे, ती म्हणाली,
आणि हसली, कारण रांग मोठी होती.
रांगेतल्या सगळ्यांनी सांगितलं ती कोणाली ते,
नवरा, सासरा, आंब्याकडचं घर.
यंत्राच्या कोष्टकात
शेजाऱ्यांसाठी रकानाच नव्हता.
तांदूळ पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.

वीज आली. पुन्हा चालवते.
एका चौकडीचा पीळ कोष्टकात अजून नाही,
प्रोग्रॅमने जवळपासचा उसना आणलाय,
आणि पुढे दंडाचा आकडा लिहिलाय, बराच मोठा.
तो उद्या बघेन.
आता शेपटी हलते, आठव्यापाशी दुमडते,
आवरणाच्या तेलकट भागात कोपर खुपसते.
हाच का तो, म्हणून मी अणूवर बोट ठेवते.
उचलते तेव्हा काचेवर ठसा राहिलेला असतो,
सगळ्या रेघांसकट.